भासऱ्यासमोर भाषण

दुर्गजवळ पोलाद कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा आमच्या मरोदा गावात एक बाई होती. दुर्गच्या शिबिरात ती पुढारीपण शिकून आली, पंचायतीला उभी राहिली आणि आम्हालाही शिकवू लागली. रोज दुपारी एकेकीला उलट्या घमेल्यावर उभं करायची. "मान वर! लोकायच्या डोळ्यात पाहून बोल. लाजून काऊन राहिली?" एकदा मी घमेल्यावरून पडले, तर म्हणे, "पडली तरी बोलत राय." मला ती आवडत नव्हती.

मतदानाआधी तिची एकच सभा झाली. ती बोलायला उठली आणि तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, पुढेच येऊन बसला. भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, ही आमची रीत. तिनं पदर ओढला. मला वाटलं, आता ही खाली बसते.

तिनं सरळ सभेकडे पाठ केली आणि भाषण ठोकलं. पुरुष ओरडले, "अवो बाई, इकडे तोंड कर ना!"

"आयकाले माहं तोंड कायले पायजे?"

बायकांना नेहमीसारखं मंचामागे बसवलं होतं. सभेत आमच्याकडे तोंड करून कुणी पहिल्यांदाच बोललं. आवडत नव्हती, तरी मत मी तिलाच दिलं.