जुनं गिऱ्हाईक पाहून निवडलेलं हॉटेल

कसं सांगू तुम्हाला! हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. हसा पोटभर, पण अमरावतीच्या राजापेठेत कोणाजवळ बोलू नका. तिथं माझी थोडीफार अब्रू अजून शिल्लक आहे.

धंदा माझा संत्र्याचा. वरूडकडच्या बागा घ्यायच्या, माल तोडायचा, ट्रक भरायचे. शाळा दहावीत सुटली, पुढचं सगळं बाजारानं शिकवलं. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार द्यायचा नाही, हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे परक्या गावात दुकानाची पाटी पाहू नये, गिऱ्हाईक पाहावं. जिथं जुनं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकून आहे, तिथं डोळे मिटून शिरावं.

या दुसऱ्या अकलेनं माझा घात केला. आणि कुठं? तर थेट प्रागमध्ये!

आमची एकुलती एक प्राजक्ता तिकडे शिकायला होती. शिक्षण संपलं आणि तिथंच नोकरी चालून आली. पोरगी म्हणे, मी इथंच राहते. आता तुम्हीच सांगा, कोणत्या बापाला हे गोड लागेल? पदवीदानाचं निमित्त करून मी आणि तिची आई निघालो. खरा बेत पोरीला परत आणायचा होता.

निघण्याआधी तिचा फोन. "बाबा, एक हॉटेल पाहून ठेवलं आहे. स्वस्त आहे, स्वच्छ आहे, लोकांनी चांगलं लिहिलं आहे. बुक करू?"

"फोटोतलं संत्रं कधी आंबट निघालं का? मी तिथं येईन, खोली पाहीन, मग ठरवीन."

"बाबा, हे प्राग आहे, वरूड नाही!"

"बाजार इथून तिथून सारखाच असते, बेटा."

पोरगी शेवटी व्यापाऱ्याचीच. म्हणाली, "मग सौदा करा. तुमचं हॉटेल माझ्यापेक्षा सरस निघालं, तर मी अमरावतीला परत येते. माझं सरस निघालं, तर नोकरीचा विषय बंद. मंजूर?"

"मंजूर!"

इतका सोपा सौदा मी जन्मात केला नव्हता, असं मला वाटलं.

प्रागला उतरलो. प्राजक्ताला समारंभाच्या तयारीला जायचं होतं. ती गेली आणि मी, आमची मंडळी आणि दोन बॅगा, आमची वरात निघाली हॉटेलं पाहत. पहिल्या ठिकाणी म्हटलं, खोली दाखवा. काउंटरवरचा पोरगा म्हणे, आधी बुकिंग. मी म्हटलं, राम राम! दुसऱ्या ठिकाणी खोली दाखवली, पण खिडकी उघडली तर समोर भिंत. तिसऱ्या ठिकाणी गादी दाबली तर ती अशी किंचाळली की मीच घाबरलो.

"अवो, पाय गेले माहे," मंडळींनी फुटपाथवर बॅगेवरच बैठक मारली. "पोरीनं पाह्यलं तेच घ्या ना. काहून जीव घेऊन राह्यले?"

"थांब वं जराशी."

आणि तेवढ्यात दिसलं! नदीच्या काठी पिवळी, टुमदार इमारत. समोर बाग. बागेत बाकांवर सात-आठ म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. कपडे इस्त्रीचे, गाल गुलाबी, चेहऱ्यावर समाधान. पाटीवरचं एक अक्षर वाचता येईना, पण आपण पाटी पाहतो कुठं!

एका आजोबांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "साहेब, इथं किती दिवस झाले?"

आजोबा गोड हसले. "अकरा वर्षं."

अकरा वर्षं! एकाच हॉटेलात! मी बायकोकडे वळलो. "पाह्यलं? याले म्हणतात जुनं गिऱ्हाईक."

"पण इथं सारे म्हातारेच काहून हायेत?"

"अवं, पोट्टे नाचगाण्याच्या हॉटेलात जातात. जाणत्या माणसाले शांतता लागते."

आत गेलो. दारातच एक चाकांची खुर्ची उभी. मी म्हटलं, वा, सामान न्यायलासुद्धा काय गादीची गाडी ठेवली आहे! दोन्ही बॅगा तिच्यावर चढवल्या आणि ढकलत निघालो.

एक धिप्पाड बाई आल्या. पांढरा कोट, छातीवर नाव. मी सांगितलं, मी आणि माझी बायको, खोली पाहिजे, मुलगी याच गावात असते. बाईंनी आमच्याकडे फार मायेनं पाहिलं आणि खोली दाखवायला नेलं.

काय खोली होती महाराज! खिडकीतून नदी. गादी दाबली, आवाज नाही. न्हाणीघरात धरायला जागोजागी दांडे. पलंगाशी घंटीची दोरी. तीन वेळचं जेवण, कपडे धुणं, सगळं खोलीच्या भाड्यातच धरलेलं. आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतो म्हणे!

"पाह्य," मी बायकोला कोपरानं ढोसलं. "तुह्या पोरीच्या हॉटेलात येते का डॉक्टर?"

"भाव काय?" मी बाईंना विचारलं.

"तो नंतर ठरेल. आधी तुमची तब्येत पाहावी लागेल."

मी खूश. आपल्यासारखाच बाजार! आधी गिऱ्हाईक पाहायचं, मग भाव बोलायचा.

बाईंनी आम्हाला तिथंच बसवलं. मला विचारलं, आज वार कोणता? रात्रभर विमानात काढलेली. मी म्हटलं, मंगळवार. बायको कुजबुजली, "बुधवार हाये." बाईंनी मान हलवली.

"आता मी तीन शब्द सांगते. सफरचंद..."

"सफरचंद नको," मी म्हटलं. "संत्रं असेल तर चालेल."

पुढचे दोन शब्द त्यांनी सांगितलेच नाहीत. मग अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, "शंभरातून सात कमी करा."

आता आलं ना मूळ मुद्द्यावर! बाई सूट देत होत्या. पण सातवर मानेल तो व्यापारी कसला?

"सात नाही. वीस."

"नाही नाही. सात."

"बरं, तुमचं नाही, माझं नाही. पंधरा!"

"सातच, साहेब."

"बारा करा आणि हात मिळवा!" मी हात पुढे केला.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, थोपटला आणि विचारलं, "तुमच्या मुलीचा फोन नंबर मिळेल का?"

मी बायकोला म्हटलं, "पाह्य, आता ते पोरीलेच सांगणार, तुह्या बापानं कसं हॉटेल निवडलं!"

अर्ध्या तासात प्राजक्ता धापा टाकत आली. समारंभाचा काळा झगा अंगावर, डोळे लाल. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली.

"बाबा, मी परत येत नाही म्हणून तुम्ही दोघं वृद्धाश्रमात भरती व्हायला आले? असं कसं केलं हो? नको मला नोकरी. मी येते अमरावतीला. उद्याच नाही म्हणून कळवते."

वृद्धाश्रम!

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ते आजोबा, ते दांडे, ती घंटी, तो डॉक्टर, अन् ती सातची सूट नव्हे, माझं डोकं तपासायची वजाबाकी. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, डोक्यातला व्यापारीही जागा झाला. गप्प बस, तो म्हणाला. नुसता एक सुस्कारा सोड. पोरगी आपल्या पायानं परत येऊन राहिली आहे!

सुस्कारा सोडायला मी छाती भरूनही घेतली. पण पोरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, अन् झग्याच्या बाहीनं ती डोळे पुसत होती. असा माल घेऊन मी कोणत्या तोंडानं घरी गेलो असतो?

"प्राजू," मी म्हटलं, "मी याले हॉटेल समजलो वं."

"काय?"

"हॉटेल. सौदा जिंकाले आलो होतो. वीस टक्के सूट मागून राह्यलो होतो."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि मग मायलेकी अशा हसत सुटल्या की बागेतले म्हातारे काठ्या टेकत खिडकीशी गोळा झाले. हसणं आवरल्यावर मी पोरीला म्हटलं, "हरलो. नोकरी घे."

प्राजक्तानं बाईंना त्यांच्या भाषेत सगळा घोळ समजावून सांगितला. बाई गंभीरपणे ऐकत होत्या. मग बराच वेळ काहीतरी बोलल्या. प्राजक्तानं ओठ दाबून धरले.

"काय म्हणते थे?" मी विचारलं.

"म्हणते, आई एकदम ठणठणीत आहे. इथं यायला तिला अजून लई वर्षं आहेत."

"अन् मी?"

"म्हणते, गैरसमज झाला हे समजलं. पण तरीही ती खोली तुमच्यासाठी चार दिवस राखून ठेवते. घरच्यांनी शांतपणे विचार करावा."

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही नवऱ्याची बाजू घेईल.

तिनं खिडकीतून एकदा नदीकडे पाहिलं, गादी हातानं दाबून पाहिली आणि म्हणाली, "खोली खरंच चांगली हाये. मी भेटाले येत जाईन तुमाले अधूनमधून."