हिरवेसाहेब आणि माहेरी गेलेल्या बायका

लाल रंग दिसला की साहेबांचं पित्त खवळायचं, म्हणून बदलापूरच्या आमच्या आरोग्य केंद्रात सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणायचे. गरोदर बाईची नोंद केली की संगणकावर तिच्या नावापुढे लाल चौकोन यायचा. बाळंतपण होऊन बाळाची तपासणी भरली की तो हिरवा व्हायचा. साहेब देवाच्या आधी त्या चौकोनांचं दर्शन घ्यायचे.

अडचण पहिलटकरणींची. आमच्या हद्दीतल्या शिरगावातली सून बाळंतपणाला माहेरी, दापोलीला जायची आणि मागे लाल चौकोन ठेवायची. साहेबांनी तोडगा काढला: ‘माहेरी गेली’ असं लिहायचं आणि नाव बंद करायचं. चौकोन हिरवा!

“पोरगी आईकडे सुखात आहे. आपण कशाला बीपी वाढवायचा?” असं म्हणून ते चहा मागवत. बटण मीच दाबायचो. बोटाची लाज वाटायची, पण चहा पिताना तेच बोट कपाला असायचं.

साहेबांनी ही युक्ती बैठकीत सगळ्या केंद्रांना मोठ्या अभिमानाने शिकवली.

मग त्यांची स्वतःची मुलगी बाळंतपणाला आली. तिच्या सासरच्या, उल्हासनगरच्या केंद्राने ‘माहेरी गेली’ लिहून तिचं नाव बंद केलं. इकडे साहेब म्हणाले, “पाहुणीची नोंद कशाला? उगाच एक लाल वाढेल.” बाळ अशक्त जन्मलं. घरी आल्यावर काही दिवसांत दूध ओढेना, अंग गार पडू लागलं. साहेबांचा फोन आला, मी रिक्षा घेऊन धावलो.

“घरोघर बाळं तपासत फिरतात, पण आपल्या आशाताई इकडे एकदासुद्धा फिरकल्या नाहीत!” साहेब रिक्षात कुरकुरले.

“यादीत नावच नाही, तर कशा फिरकतील?” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कडाडल्या. “तिकडचे म्हणतात इकडे आहे, तुम्ही म्हणता पाहुणी आहे. पोर आहे कुणाची?”

साहेबांनी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

बाळ वाचलं. साहेबांनी मात्र बंद केलेली सगळी नावं मला उघडायला लावली. पडदा लालेलाल झाला. रोज दुपारी ते एकेका माहेरी फोन लावत: “बाळ दूध ओढतं का?” दापोलीच्या आजीबाई खेकसायच्या, “तुला कशाला चौकशी? ओटीपी नाय देणार!”

निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी केंद्राच्या घसरलेल्या कामगिरीबद्दल खेद व्यक्त केला आणि शाल दिली. जाताना साहेब मला म्हणाले, “दापोलीला उद्या फोन कर. आजी शिव्या देते, पण उचलते.”

मी केला. माझा आवाज ऐकून आजीबाई जरा थांबल्या.

“रोजचा तो म्हातारा कुठाय? बरा हाय ना?”