लुमिर वोट्रुबाचा कोरा केक

लुमिर वोट्रुबाला राग आला की आधी त्याचे कान लाल होतात, मग मान, आणि मग तो पिठाच्या गोळ्याशी जे काही करतो ते पाहणाऱ्याला पाव गोड लागत नाही. त्या एप्रिलात ऑक्सली फॉल्समधला पाव फारच सुरेख मळलेला येत होता. कारण होतं मैदानावरची भिंत.

आमच्या लॅम्पलायटर्स या बेसबॉल संघाला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून क्लबनं तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर अजिंक्यपदांचा इतिहास रंगवून घेतला. इतिहास तसा आटोपशीर आहे. १९४९चं अजिंक्यपद पाहुण्या संघाला आमचे तळलेले मासे बाधले म्हणून मिळालं, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. मासे ताजे होते यावर आमच्याकडे अजून शपथा घेतल्या जातात. १९५६चं मिळालं ते डाव्या डोळ्यानं आंधळ्या असलेल्या एका पिचरमुळे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या गड्यामुळे. आपल्याला दिसत नाही हे तो प्रत्येक फलंदाजाला आधीच जाऊन सांगायचा, त्यामुळे फलंदाज निम्मा जीव मुठीत धरूनच उभा राहायचा. १९५७ साली संघ सरळ चांगला खेळून जिंकला, म्हणून त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. त्यानंतर काहीच नाही.

नाही कसं, १९७८ आहे ना. भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र त्याचंच. पुरुषभर उंचीचा पांढरा केक, त्यावर लाल आयसिंगमध्ये ‘चॅम्पियन्स १९७८’, आणि खाली चित्रकारानं हौसेनं लिहिलेलं: ‘केकचा शाप’.

शेवटचा गडी बाद होईपर्यंत ‘जिंकलो’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा बेसबॉलवाल्यांचा धर्म. आमच्या गावात तर हा धर्म केकलाही लागू होता. निर्णायक सामना घरच्या मैदानावर असला की वोट्रुबांच्या बेकरीतून पांढरा कोरा केक यायचा. शेवटचा गडी बाद झाला की लुमिरचा बाप बोहुमिल, पोटाला एप्रन तसाच ठेवून, खेळाडूंच्या बाकावरच्या छपरावर चढायचा आणि साऱ्या गावासमोर क्रीमच्या कोननं त्यावर ‘चॅम्पियन्स’ आणि ते साल लिहायचा. बोहुमिलनं तीनदा लिहिलं. तो गेल्यावर कोन लुमिरच्या हाती आला आणि त्याला एकदाच संधी मिळाली, १९७८ साली.

नववी म्हणजे शेवटची इनिंग. आपण एका धावेनं पुढं, त्यांचे तीनपैकी दोन बाद, दोन गडी बेसवर. चेंडू घरंगळत सरळ आला तो कॉय बार्टलेटच्या हातात. कॉय म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा आमचा शॉर्टस्टॉप, वीस वर्षांचा, देखणा, गावातल्या निम्म्या मुलींच्या आयांना धास्ती लावणारा. त्यानं पहिल्या बेसकडे फेकायचं आणि संपलं. त्यानं फेकला तो पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून थेट प्रेक्षकांत. दोन धावा आल्या आणि पाहुणे एका धावेनं पुढं गेले. लोकांनी वळून पाहिलं, तर बाकाच्या तोंडाशी लुमिर उभा, एका हातात केक, दुसऱ्या हातात कोन.

“आधीच लिहिलंन मेल्यानं,” कोणीतरी म्हणालं.

झालं. लुमिरनं काही लिहिलं नव्हतं. केक दाखवला असता तरी पुरे होतं. पण या माणसाला आला राग, आणि त्यानं तो केक पालथा करून कचऱ्याच्या पिंपात आपटला. आता पालथ्या केकवर काय लिहिलं होतं आणि काय नव्हतं, हे कोण शोधणार? आपल्या पाळीत एकही धाव निघाली नाही, सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावानं ती अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. जे त्या दिवशी आजारी होते त्यांनीसुद्धा.

तर भिंत रंगवून झाली आणि क्लबची प्रसिद्धीवाली पोरगी, केल्सी ओबरमायर, बेकरीत आली. दात छान, कामाला चलाख.

“मिस्टर वोट्रुबा, शनिवारी सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू तुम्ही टाकायचा. आम्ही सगळ्यांना केकच्या टोप्या वाटतोय. फोमच्या.”

“कसल्या टोप्या?”

“केकच्या. वर ‘चॅम्पियन्स’ लिहिलेलं. लोकांना फार आवडतंय.”

“मी लिहिलं नव्हतं.”

“हो, पण गोष्ट किती छान आहे,” केल्सी म्हणाली. “आणि भाषण मिस्टर बार्टलेट करणार आहेत.”

गल्ल्यामागून आर्लीननं, लुमिरच्या बायकोनं, नवऱ्याच्या कानांकडे पाहिलं आणि पोरीला हळूच दार दाखवलं.

कॉय बार्टलेट रोज सकाळी खसखशीचा कोलाच, वोट्रुबांच्याकडचा गोड पाव, खायला यायचा. आता त्याचे केस गेले होते, गुडघे गेले होते. विनोद तेवढे तेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी येऊन बसतो न बसतो तोच लुमिर समोर उभा राहिला.

“भाषणात काय सांगणार आहेस?”

“नेहमीचंच. माझा हात बरोबर होता, पण तुझ्या केकपुढं कोणाचं चालतंय.”

“कॉय, त्या केकला बोटाचं भोक होतं.”

कॉयनं कोलाच खाली ठेवला.

“आठव्या इनिंगनंतर तू बाकापाशी आलास,” लुमिर म्हणाला, “आणि केकच्या कडेचं क्रीम बोटानं चाटलंस. जिंकायच्या आधी. लोणी घातलेलं क्रीम. त्याच हातानं चेंडू फेकलास.”

“ते आपण तेव्हाच मिटवलं होतं ना?”

“मिटवलं नव्हतं. तू माझ्या भट्टीमागं बसून लहान पोरासारखा रडलास, तुझा बाप तुला घराबाहेर काढेल म्हणालास, म्हणून मी गप्प बसलो. बाप मेला तुझा, त्यालाही तीस वर्षं झाली. तू मात्र अजून माझ्या केकवर हशे मिळवतोयस. माझ्याच दुकानात बसून.”

“अरे, लोक हसतात, मजा येते, एवढंच.”

“मला येत नाही.”

आर्लीन पाव भरता भरता थांबली होती. इतकी वर्षं तिलाही कुठंतरी वाटायचं, की घाईत एखादं अक्षर काढलंही असेल. ती कॉयला म्हणाली, “तो कोलाच ठेव तिथंच.” आणि उचलून घेतला.

शनिवारी मैदान भरलं. हजारभर डोक्यांवर फोमचे केक डुलत होते. लुमिर इस्त्रीचा एप्रन घालून मैदानात उतरला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. पिचरच्या उंचवट्यावर न जाता तो चालत गेला शॉर्टस्टॉपच्या जागेवर, जिथं कॉय माइक घेऊन उभा होता. एप्रनच्या खिशातून त्यानं क्रीमचा कोन काढला, चेंडूला चारी बाजूंनी नीट क्रीम लावलं, आणि तो कॉयच्या हातात दिला.

“फेक पहिल्या बेसला.”

“लुमिर, लोक बघतायत.”

“तेव्हाही बघत होते.”

कॉयनं चेंडूकडे पाहिलं. बोटांना क्रीम लागलं होतं. मग त्यानं माइक तोंडापाशी नेला आणि सांगून टाकलं, सगळं. आठवी इनिंग, बोट, लोणी, भट्टीमागं रडणं. केकवर एक अक्षर नव्हतं हेही सांगितलं. 

आणि लोक हसले. पोट धरून हसले. त्यांना वाटलं, दोघा म्हाताऱ्यांनी काय नाटक बसवलंय. एकानं ओरडून ‘चाटून दाखव’ म्हटलं. केल्सीला तर अत्यानंद झाला. ती धावत आली. “मिस्टर वोट्रुबा, हे अप्रतिम होतं. पुढच्या वर्षी टोपीला बोटाचं भोक पाडू.”

 लुमिर एप्रन सावरत मैदानाबाहेर पडला आणि भिंतीपुढं जाऊन उभा राहिला. मागून आर्लीन आली.

“हसू देत रे,” ती म्हणाली.

“हसू देत. बोटाचं त्यांना काय करायचं ते करू देत.” त्यानं भिंतीकडे हात केला. “ती अक्षरं तेवढी काढा म्हणावं. माझ्या बापानं शिकवलं, शेवटचा गडी बाद झाल्याशिवाय कोन टेकवायचा नाही. मी टेकवला नाही. भर मैदानात, दोन बाद असताना, हात नुसता वर धरून उभा होतो. खांदा भरून आला होता. आणि हा गाढव चित्रकार म्हणतो, मी लिहिलं म्हणून. ज्याचा जन्म झाला नव्हता तो लिहितो.”

रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्यांनी पाहिलं, की तिकीटखिडकीशेजारी शिडी लावलीय आणि गुडघे गेलेला कॉय बार्टलेट तिच्यावर चढून पांढऱ्या रंगानं ‘चॅम्पियन्स १९७८’ पुसतोय. परवानगी घेतली का, हे केल्सीनं विचारलं म्हणतात. आर्लीननं तिला उत्तर दिलं म्हणतात. काय दिलं ते चर्चच्या दिवशी सांगण्यासारखं नाही.

लुमिर खाली हाताची घडी घालून उभा होता. कान अजून लाल होते.

“‘च’ अजून दिसतोय.”

“दुसरा हात मारतोय ना.”

“रंग ओघळतोय. असं आयसिंग केलं असतं तर बापानं मला भट्टीत घातलं असतं.”

कॉयनं दुसरा हात मारला. सगळा केक पांढरा झाला, कोरा. मग त्यानं खाली पाहिलं.

“ती खालची ओळ? केकचा शाप?”

लुमिरनं विचार केला. “‘केक’ पूस. तिथं तुझं नाव घाल.”

कॉयनं घातलं, वाकड्या अक्षरांत. मग शिडीवरूनच म्हणाला, “भोक पण हवं ना? कडेला होतं. उजव्या.”

“डाव्या. पाड. तुझं बोट, तूच पाड.”

कॉयनं ओल्या रंगात बोट खुपसलं आणि खाली ओढलं. त्याच्या बोटाला पांढरा रंग लागला.

“आणि आता ते तोंडात घालू नकोस,” लुमिर म्हणाला.