थोरल्या राजकन्येची बाजू

चुलतीनं तेव्हा माझी बाजू घेतली, म्हणून माझं वाचन टिकलं. ओल्या लोकरीचा वास आला की तो दिवस आठवतो. मेंढ्या ओढ्यात धुऊन आणल्या होत्या आणि बाबा त्यांची लोकर कातरत होते. माझी शाळा सातवीतच सुटली होती. औंढ्याच्या वाचनालयातली, दोन जादूगार राजकन्यांची कादंबरीमाला तेवढी उरली होती. आधीचे भाग मी चुलतीला वाचून दाखवले होते. "शाळा न्हाई, मंग पुस्तक काहून? उद्या वापस देऊन ये," बाबा म्हणाले. थोरल्या दिराशी थेट बोलायची घरात रीत नव्हती, म्हणून चुलती हातातल्या मेंढीलाच म्हणाली, "आज वाचू द्या म्हणावं लेकराला." मी तिसरा भाग वाचू लागले. धाकटी तलवार घेऊन राक्षसावर धावली, तसे बाबा खूश झाले. "खरी वाघीण धाकटीच!" "ऐकलंस का गं," चुलती मेंढीच्या कानात मोठ्यानं म्हणाली, "धाकटी पहिल्यापासूनच वाघीण हाय, तिच्यात नवं काय झालं? थोरली सावलीला भ्यायची, ती आज एकटी गुहेत शिरली. बदलली ती थोरली!" बाबांची कातर थांबली, अर्धी कातरलेली मेंढी निसटून पळाली. सगळे हसत असताना बाबा हळूच म्हणाले, "थोरलीचं पुढं काय झालं, वाच की." पुस्तक परत गेलं ते चौथा भाग आणायलाच. शेवटचा भाग वाचनालयात आला, तोवर मी पोटासाठी गाव सोडलं होतं. इथं परमुलखात अनोळखी माणसाशी बोलायलाही मी सावलीला भिणाऱ्या थोरलीसारखी भिते. पण एक दिवस गावी जाऊन तो अख्खा भाग चुलतीला वाचून दाखवीन.