वास घेऊन पाणी पिणारा टॉम

मंगळवारी आमच्या एनिस गावच्या गल्लीत सगळ्यांचे कचऱ्याचे डबे बाहेर आले, टॉमचा आला नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, विसरला असेल, आपल्याला काय करायचंय. आमचं सात महिने बोलणं बंद होतं. दुपारी सून अश्विनी कामावरून आली ती दारातच थांबली. "बापू, समोरचे टॉम गेले. सकाळी खुर्चीतच..." मी म्हटलं, "बरं." एवढंच. सहा आठवडे झाले, ते "बरं" अजून घशातून खाली उतरत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. तीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो, गल्लोगल्ली पाणी सोडायचो. बायको गेल्यावर मुलानं इथे परदेशात आणलं. टॉम मूळचा इथलाच, पण तरुणपणी अमेरिकेला गेला, पेनसिल्व्हेनियात चाळीस वर्षं सुतारकाम केलं आणि म्हातारपणी एकटाच परत आला. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, त्याचे उच्चार जड. तरी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून आमचं जमायचं. धो धो पावसातही तो म्हणायचा, "ग्रँड डे, बापू." मी मराठीत म्हणायचो, "कसला ग्रँड, तीन दिवस धोतर वाळेना." तो हसायचा... कळल्यासारखा.

अमेरिकेचं विचारलं की सांगायचा, गावाखाली गॅस सापडला, शेताशेतांत यंत्रं उभी राहिली. ज्याच्या जमिनीत गॅस त्याच्या दारात नवी गाडी, ज्याच्या नाही तो चर्चमध्ये लांबच्या बाकावर. निवडणूक आली की अंगणाअंगणात आपापल्या पक्षाच्या पाट्या लागायच्या आणि जन्माचे शेजारी रस्ता बदलून जायचे. "आणि तुझी जमीन?" मी विचारलं. तो भिंतीवरचं शेवाळ नखानं काढत राहिला. "त्याचं बोलायचं नाही, बापू." मला वाटलं, माणूस आतल्या गाठीचा.

एकदा अश्विनीनं त्याला चहाला बोलावलं. आपल्या रीतीप्रमाणे मी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. टॉमनं तो नाकाजवळ नेला, वास घेतला, उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि मग एक घोट घेतला. माझं डोकं फिरलं. अख्ख्या गावाला पाणी पाजलेला माणूस मी, आणि हा माझ्या हातच्या पाण्याचा वास घेतो! "का रे, आम्ही भांडी धूत नाही वाटतं?" अश्विनीनं ते इंग्रजीत सांगितलं, जरा सौम्य करून. तो ओशाळला. "सवय आहे." मी म्हटलं, "असली सवय तुझ्या गोऱ्यांच्या घरी ने." हे अश्विनीनं सांगितलंच नाही. पण माझं तोंड त्याला वाचता आलं.

पुढच्या महिन्यात गावच्या हॉलमध्ये सभा होती. इथेही जमिनीखाली गॅस शोधणार अशी बोलवा होती. टॉम दारात आला, टोपी हातात. "माझ्या शेजारी बसशील? नुसतं बसायचं." मी म्हटलं, "टाइम नाही." दिवसभर खिडकीत बसून असणारा मी, मला टाइम नाही! तो "ग्रँड" म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो भिंतीशी दिसला की मी पडदा ओढायचो.

इथे मयत घरात ठेवतात, लोक सँडविच खात, चहा पीत बसतात. अश्विनीच्या मागे गेलो, दारापाशीच उभा राहिलो. दफनानंतर त्याची मुलगी केट, अमेरिकेहून आलेली, टॉमची टोपी घेऊन आमच्याकडे आली. मी पाणी दिलं. तिनं ग्लास नाकाजवळ नेला. वास घेतला. उजेडाकडे धरला... अगदी बापासारखा.

अश्विनीनं हळूच विचारलं, तेव्हा केटनं सगळं सांगितलं. गॅससाठी जमिनीच्या कागदावर टॉमनंच सही केली होती. वर्षभरात विहिरीच्या पाण्याला सडका वास यायला लागला. तिची आई शेवटपर्यंत बाटल्यांच्या पाण्यानं भाजी धूत होती आणि टॉमशी बोलत नव्हती. कंपनीनं भरपाई दिली, पण त्याआधी तोंड बंद ठेवायच्या कागदावरही सही घेतली. "सही बाबांची होती, माझी नाही," केट म्हणाली. "त्या सभेत ते सही मोडून बोलणार होते. फोनवर म्हणाले, उभा राहिलो गं, पण शेजारची खुर्ची रिकामी. टोपी ठेवून जागा धरली होती त्याच्यासाठी... न बोलताच खाली बसलो."

'त्याच्यासाठी' म्हणजे माझ्यासाठी. हे अश्विनीनं सौम्य केलं नाही.

आता टोपी आमच्या दारामागच्या खुंटीवर आहे. सकाळी नळ सोडून ग्लास भरतो आणि तोंडाला लावण्याआधी तो नाकाशी गेलेला असतो. उजेडाकडे धरतो, पाण्यातून समोरचं बंद दार वाकडं दिसतं. अश्विनी म्हणते, बापू, पाणी चांगलं आहे. चांगलंच आहे, मला का कळत नाही? हॉलमध्ये पुन्हा सभा आहे. मी मराठीत बोलणार, तिनं इंग्रजीत सांगायचं. शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवणार आहे. कुणी उठवलं तरी उठणार नाही. माझी कुठल्याच कागदावर सही नाही.