आरएनएची घडी आणि सरांचा रुमाल

"आधी ती खिडकी उघडा रे कुणीतरी."

मी वर्गात पाय ठेवला की सर हे म्हणायचे. नाकाला रुमाल लावून. पोरं हसायची.

महाडचं कॉलेज. बीएस्सीचं शेवटचं वर्ष. मी पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या अंगाच्या धनगरवाडीतली. सकाळी म्हशींचं उरकून एसटी धरायची. त्याआधी साबणानं हात चोळून लाल करायची. वास नव्हताच. तो सरांच्या डोक्यात होता.

सेमिनारला मी विषय घेतला, स्वतःला कापून पुन्हा जोडणारा आरएनए. पुस्तकातली आकृती सपाट. एवढी लांब साखळी, कापायच्या दोन जागा एकमेकींपासून लांब. मग त्या जवळ येतात कशा? कळेना. शेवटी विजेची वायर आणली. जिथं साखळीतल्या अक्षरांच्या जोड्या जमतात तिथं पीळ दिला, पिळावर पीळ बसवला. आणि दिसलं! दुमडलेल्या साखळीत एक खोबण तयार झाली. तिच्यात ग्वानोसिनचा, म्हणजे आरएनएच्याच एका घटकाचा, सुटा रेणू नेमका बसतो. मॅग्नेशियम घडी धरून ठेवतं, कापायलाही हातभार लावतं. ग्वानोसिन पहिला जोड तोडतो. सुटलेलं टोक दुसऱ्या जोडावर जातं आणि पलीकडच्या तुकड्याला चिकटतं. मधला भाग बाहेर. प्रथिनाची गरज नाही. घडी विस्कटली की कापणं बंद. एसटी स्टँडवर वायर हातात धरून मी एकटीच हसत बसले होते.

सेमिनारला पुण्याहून पाहुण्या प्राध्यापक बाई आल्या. सरांनी माझं मॉडेल उचललं आणि माझ्याच वर्गातल्या, गावच्या डॉक्टरांच्या मुलीच्या हातात दिलं.

"बोलणार ही. तुझं हाय-नाय बाईंपुढं नको. तू चहाचं बघ. आणि कपाला हात लावू नकोस, बशीला धर."

बशीला धर. मी बशा धरून कप ट्रेमध्ये मांडले.

मुलगी पाठ केलेलं घडाघडा बोलली. बाईंनी विचारलं, "मॉडेल कुणी केलं?"

सर गोड हसले. "मीच करून घेतलं, मॅडम."

मी ट्रे टेबलावर आदळला.

"मी केलंय. सरांनी बघितलं पण नाय."

वायर हातात घेतली आणि माझ्या बोलीत सगळं सांगितलं. कुठं दुमडते, का दुमडते, कशी कापते. मागून कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं. मी थांबले नाही. बाईंनी घड्याळ बघितलं, "छान" म्हणाल्या आणि सरांबरोबर जेवायला गेल्या. मला त्यांचीही शिसारी आली.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "माफी माग. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"नाय मागणार."

घरी आई घाबरली. "कशाला उलट बोललीस गो? मार्क त्यांच्याकडं हायत ना?"

"मार्क हायत. माझी मान नाय त्यांच्याकडं."

सरांनी नापास केलं. निकालाच्या कागदासमोर उभी राहिले तेव्हा रडू आलं नाही. त्या माणसाची किळस आली, आणि त्याला इतके दिवस "सर" म्हणत वाकणाऱ्या माझ्या पाठीची.

त्याच दुपारी परत परीक्षेचा फॉर्म भरला. पुन्हा पाडलं तर पुन्हा भरणार होते. ह्याच विषयात शिकणार होते, ह्याच माणसाच्या नाकासमोर.

माफी मागणार नव्हते. आजही मागत नाही.