रोजा आणि गोळी

पलूसच्या अख्तरबीनं जन्मभर गाद्या शिवल्या, पण नमाज कधी चुकवली नाही. म्हातारपणी मात्र वजूसाठी हातपाय धुवायला नळ सोडला, की पाण्याच्या आवाजानंच तिची लघवी सुटायची, वजू मोडायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळीनं लघवी आवरली, पण घशाला अशी कोरड पडे की पाण्याचा तांब्या हातून सुटेना. तेवढ्यात रमजान लागला. गोळी घेतली तर रोजा निभेना, नाही घेतली तर नमाज.

"अम्मी, मौलानांना विचारू?" सून अर्फा म्हणाली.

"असलं गडीमाणसाला सांगत्यात व्हय गं?" अख्तरबी कडाडली. तिनं गोळी न घेताच रोजा धरला.

दुपारची अजान झाली. अर्फानं वजूसाठी नळ सोडला, आणि अख्तरबीनं दोन्ही कान गच्च दाबून धरले.